गुणाजीची सीनरी

माझं लालबागला फ्रेमचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. दोन्ही गोष्टी मला वडिलांकडून मिळाल्या. देव, वारलेली माणसं आणि डिग्रीची सर्टिफिकेटं कोणी फ्रेमला आणली तर मी काही बोलत नाही. पण कोणी सीनरी घेऊन आलं की माझं डोकं फिरतं. निळं तळं, तळ्यात दोन हंस, मागे बर्फाचा डोंगर. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला बर्फाचा डोंगर कशाला हवा असतो, हे मला इतकी वर्षं दुकान चालवून कळलेलं नाही. एकदा एकाला विचारलं तर म्हणाला, "बघितलं की थंड वाटतं." मी त्याला पंख्याच्या दुकानाचा पत्ता दिला.

त्यामुळे गुणाजी राऊळ दुकानात येऊन "शेट, एक सीनरी आसा, सहा बाय चार फुटाची, फ्रेम करून दी," असं म्हणाला तेव्हा मी हातोडा खाली ठेवला आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिलो.

"हंस किती आहेत?" मी विचारलं.

"हंस नाय. म्हशी आसत," तो म्हणाला. "दोन."

म्हशी म्हटल्यावर मी जरा मऊ झालो.

गुणाजी धंद्याने रंगारी. दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात त्याने रंगवली नाही अशी बिल्डिंग शोधावी लागेल. बुटका, काटक, नखांच्या कडांना कायम कुठला ना कुठला रंग. कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीवरून तळहात फिरवतो, मग माणसांना नमस्कार करतो. माझ्या मुलीच्या लग्नात हॉलच्या भिंतीला हात लावून त्याने माझ्या व्याह्यांसमोरच सांगितलं होतं, "लांबी नीट घासूक नाय." व्याह्यांना वाटलं, लग्नात काहीतरी खोट निघाली. ते घाबरले, आणि मलाच त्यांना समजवावं लागलं की हा भिंतीवरच्या पुट्टीबद्दल बोलतोय, मुलीबद्दल नाही.

तो राहायचा डिलाईल रोडला, गावकीच्या खोलीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिरण्यांच्या काळात कोकणातल्या एकेका गावाने मिळून मुंबईत एकेक खोली घेऊन ठेवली. गावातून जो पोटासाठी येईल त्याची वळकटी तिथे. गिरण्या गेल्या, गुणाजीच्या गावाची, सडेवाडीची, खोली राहिली. आता तिथे वॉचमन आहेत, कुरिअरवाले आहेत आणि आमचा गुणाजी होता. बायकांनी तिथे राहायचं नाही हा जुना नियम. म्हणून गुणाजीची बायको राधा सडेवाडीला आणि गुणाजी इथे, असा त्यांचा संसार. गणपतीला तो जायचा, शिमग्याला जायचा, मे महिन्यात जमलं तर जायचा. हे मी वाईट तोंड करून सांगत नाही, कारण तोही तसं कधी सांगत नसे. गावाला जायची वेळ आली की हा माणूस आठ दिवस आधीपासून शिट्टी वाजवत भिंती घासायचा.

मला मात्र त्याचा हेवा वाटायचा. आमचं गाव गिरगाव. गणपतीला सगळी चाळ रिकामी व्हायची आणि आम्ही ट्रंका सांभाळायला मागे. कोणी "गावाला कधी जाणार?" विचारलं की माझे वडील चर्नी रोड स्टेशनच्या दिशेला बोट दाखवायचे.

तर या गुणाजीच्या आयुष्यात मोठी गोष्ट घडली. त्याची मुलगी अक्षदा सरकारी नोकरीला लागली आणि तिला अँटॉप हिलच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, बाहेर गुलमोहर. अक्षदाने बापाची वळकटी त्याच दिवशी उचलली आणि आईला फोन केला, की आता तू ये, आपण तिघं एकत्र राहू.

अडचण अशी, की राधावहिनी यायला तयार होत्या, राहायला तयार नव्हत्या. याआधी त्या दोनदा मुंबईला येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा रे रोडला चुलतभावाकडे उतरल्या आणि आठवडा व्हायच्या आत परत. "सकाळी दार उघडला काय समोर भिताड," त्या गुणाजीला म्हणाल्या होत्या. "ता भिताड बघीत मी किती दिवस बसू?"

हे वाक्य गुणाजीच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या कुणी बायकोची समजूत काढली असती, साडी घेतली असती, चौपाटीला नेलं असतं. गुणाजी पडला रंगारी. बायकोला भिंत नको आहे म्हणजे भिंतीचं काहीतरी करायला हवं, इतकं सरळ गणित त्याने मांडलं.

"क्वार्टरच्या भितीवर अख्खो गाव लावतंय," तो मला म्हणाला. "सकाळी उठली काय समोर सडेवाडी. मग कित्याक जायत ती?"

वळकटी हलली तरी रंगाचे डबे डिलाईल रोडलाच होते, म्हणून तिथल्या चाळीच्या गॅलरीत त्याने प्लायवूड उभं केलं आणि सुट्टीच्या दिवशी रंगवायला बसू लागला. रंग विकत आणायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक कामावरून उरलेला डबा खोलीवर आणायची त्याला सवय होती, आणि खोलीतल्या माळ्यावर निम्मी मुंबई डब्यांत भरून ठेवलेली होती. मी फ्रेमचं माप घ्यायला गेलो तेव्हा चित्र बरंचसं झालं होतं. गुणाजीने बोट दाखवत मला ते फिरवून आणलं.

"ह्या आकाश दादरच्या एका डॉक्टरीणबायच्या बेडरूमचा. तिका मागसून आवाडला नाय, पण आकाशाक बरा. ही नदी परळच्या टॉवरमधल्या जिमची. भात हिरवा दिसता मां, ता शाळेच्या गेटचा. माती म्हणशीत तर नुसतो रेड ऑक्साइड, ग्रिलाक लावतत तो. आणि दारातल्या हिच्या लुगड्याक मिरची गल्लीतल्या मसाल्याच्या दुकानाच्या पाटयेचो रंग."

मी चेष्टा करायच्या तयारीने गेलो होतो. ती करता आली नाही.

चित्रात वर लांबलचक सडा होता, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि त्याच्यावर सकाळ. सकाळ म्हणजे नेमकी ती वेळ, जेव्हा उन्हाला अजून ताप नसतो आणि प्रत्येक वस्तूला सोनेरी कड असते. सड्यावरून लाल पायवाट उतरत होती आणि वाटेवर पिशव्या घेतलेली माणसं उतरत होती, रांगेने, घाईघाईत. खाली कुणग्या-कुणग्यांत भात, वाऱ्याने एका बाजूला झुकलेला. बांधावरून एक माणूस डोक्यावर गणपती घेऊन चाललेला. देवळापुढे पालखी नाचत होती, ढोलवाल्याचा एक पाय हवेत होता. पांगारा लालभडक फुललेला, आंब्याचं कलम फळांनी वाकलेलं, त्याखाली दोन म्हशी, आणि उजवीकडे चिऱ्याचं घर, नवीन सारवलेल्या अंगणाचं. घराच्या दारात मिरची रंगाच्या लुगड्यातली बाई, हातात पाण्याचा तांब्या.

त्या चित्रात कोणीच काम करत नव्हतं. झाडाची सावलीसुद्धा आराम करत होती. बघता बघता माझ्या खांद्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं, आणि मला एकदम भूक लागली, गावाला पोचल्यावर लागते म्हणतात तशी. ज्याला गाव नाही त्याला ही भूक लागावी, याचं मला नवल वाटलं. मी गुणाजीला शब्द दिला की याला साधी पट्टी नाही, सागवानाची चौकट करीन. रे रोडच्या वखारीतून जुन्या दाराचं लाकूड आणीन.

खोलीतली माणसं मात्र त्याला नीट काम करू देत नव्हती. येता-जाता एकेकाची फर्माईश. दत्ताराम वॉचमनला त्याच्या काकाचा फणस हवा होता. तो घातला. मग दुसऱ्याला वाटलं, फणस घातला तर आमची विहीर का नको? गुणाजीने विहीरही घातली, पण ती दत्तारामच्या फणसाखाली गेली, आणि गावात विहिरीवरून जे भांडण वीस वर्षांपूर्वी मिटलं होतं ते डिलाईल रोडच्या गॅलरीत पुन्हा सुरू झालं. शेवटी त्याने विहिरीवर एक केळ रंगवून टाकली. दोन्ही पक्षांचं समाधान झालं.

राधावहिनी आल्या त्या दिवशी मीही अँटॉप हिलला होतो. चौकटीचं माप भिंतीवर बघायचं होतं, असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांचा चेहरा बघायचा होता. गुणाजीने चित्रावर चादर टाकून ठेवली होती. वहिनींनी हातपाय धुतले, चहा घेतला, अक्षदाच्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघितले. मग गुणाजीने चादर ओढली.

वहिनी चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेल्या. गुणाजी त्यांच्याकडे बघत होता, अक्षदा गुणाजीकडे बघत होती. मग वहिनींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आवो," त्या म्हणाल्या, "भात हिरवो आणि कलमार आंबे पिकलेले? ह्यो खंयचो म्हयनो?"

गुणाजीने चित्राकडे बघितलं. मीही बघितलं. इतका वेळ आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"गणपती आणि पालखी एकाच दिसाक?" वहिनी पुढे झाल्या. "पांगारो फुललो तो शिमग्याचो. आंगण सारवलेला ता गणपतीचा. आणि सगळी माणसां नव्या कपड्यांत. चिखल खंय गेलो? लावणी कोण करता? भारे कोण व्हावता? आणि मी ही अशी, तांब्यो घेवन सदां दारातच? मग म्हशींचा शेण कोण काढता?"

"तू दारातच दिसतंस," गुणाजी हळूच म्हणाला. "मी येतंय तेव्हा."

"होय तर. तुमी येतास तेव्हा." वहिनींचं हसू आता थांबलं होतं. "ह्यो गाव नाय ओ. ही तुमची रजा."

वहिनींनी सड्यावरच्या त्या सोनेरी उन्हावर बोट ठेवलं.

"आणि सगळीकडे सकाळच. सांज खंय आसा? तुमची गाडी सुटली काय सांज होता. मी दोरयेवरचे कपडे काढतंय, कोंबड्यो डाल्याखाली घालतंय, दिवो लावतंय. तांदूळ मोजूक बसलंय काय हात आपसूक दोन माणसांचे घेता, मग एकाचे परत डब्यात टाकतंय. ती सांज तुमच्या गावात नाय."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. बाजारात कोथिंबीर नाही असं सांगावं तितक्या साधेपणाने बोलल्या. म्हणूनच ते सगळ्यांना लागलं. अक्षदा उठून आत गेली. मी टेप गुंडाळून खिशात ठेवली. गुणाजी उभाच होता, आणि त्याचा हात नकळत भिंतीवरून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि स्टुलावर बसून राहिला. मला वाटलं, वहिनींनी परतीची गाडी बघितली.

"चुकीचो गाव भितीर नको म्हणता," तो म्हणाला. "सुदारूक सांगता. ती सांगतली, मी रंगवतलंय. चित्र बरोबर झाला, तुझी फ्रेम लागली, काय ती जातली."

"मग चांगलंच की. चार दिवस तरी राहतील."

"चार दिवस," तो म्हणाला आणि लाकडाच्या भुश्शात बोटाने रेघा मारत बसला. त्याला बायको चार दिवस नको होती. त्याला ती रोज हवी होती. हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण बोलायची गरजही नव्हती.

दुरुस्ती सुरू झाली. संध्याकाळी कामावरून आला की गुणाजी ब्रश घेऊन बसायचा आणि वहिनी मागे वेताच्या मोढ्यावर बसून निवडत, सोलत, शिवत त्याला गाव सांगायच्या. त्याचा सगळा गाव इतकी वर्षं सुट्टीत बघितलेला. पावसातली लावणी त्याने लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. वहिनी सांगायच्या, आठ बायका ओळीने कशा वाकतात, इरल्याखाली पाठ कशी दिसते, ओल्या लाकडाचा धूर कौलांतून कसा निघतो. मधेच उठून स्वतः वाकून दाखवायच्या. एकदा मी गेलो तेव्हा वहिनी खोलीच्या मध्यभागी भात लावत होत्या आणि गुणाजी डोळे बारीक करून बघत होता. अक्षदा ऑफिसातून येऊन दारातच उभी राहिली होती, आणि आईबापांना इतका वेळ एका खोलीत बोलताना आपण पहिल्यांदाच बघतोय, असं ती मला नंतर म्हणाली.

सांजेच्या वेळी मात्र काम अडलं. डिलाईल रोडहून आणलेल्या एकाही डब्यात तो रंग निघेना. निळा होता, करडा होता, एका वकिलाच्या ऑफिसचा जांभळाही होता. वहिनी मान हलवायच्या. असा रंग मुंबईत कोणी घराला देत नाही. शेवटी गुणाजी पहिल्यांदा स्वतःच्या खिशातून रंग घेऊन आला आणि तीन दिवस नुसता कालवत बसला. तो लावत गेला, आणि वहिनी "अजून काळोख" म्हणत गेल्या. मग एकदा त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणून त्याने ब्रश खाली ठेवला.

तो भाग मी पाहिला आहे. सड्याच्या टोकाला सकाळ तशीच आहे, माणसं पिशव्या घेऊन उतरतायत. पण चित्र उजवीकडे घरापर्यंत येतं तसा उजेड विझत जातो. अंगण रिकामं. दारात आता कोणी नाही. आत कंदिलाचा एक पिवळा ठिपका आणि त्याच्याजवळ पाठमोरी बसलेली बाई. बस. एवढंच आहे. पण ते बघून मला माझी गिरगावची रिकामी चाळ आठवली, गणपतीतली, आणि वाटलं की मागे राहणाऱ्यांची संध्याकाळ सगळीकडे एकाच रंगाची असते. मी सीनरीला नावं ठेवायची बंद केली ती तेव्हापासून. हंस सोडून.

एवढं झाल्यावर चित्र पुरं झालं, असं कोणालाही वाटलं असतं. गुणाजीला वाटेना. चित्रात रोज नवी चूक निघू लागली. म्हशीची शिंगं उलटी झाली. देवळाची पायरी वाढली. एके दिवशी तर विहिरीवरची केळ गेली आणि विहीर पुन्हा वर आली. वहिनी "ह्या चुकला" म्हणायच्या, गुणाजी "खरांच गो" म्हणून पुसायला घ्यायचा, आणि त्यात आठवडा जायचा. गुणाजीचा हात कसा आहे ते मला माहीत आहे. त्या हाताकडून शिंगं उलटी होत नाहीत.

मग एका दुपारी तो दुकानात आला. माझी चौकट तेव्हा तयार होऊन भिंतीला टेकून उभी होती, पॉलिशसकट. जुनं सागवान इतकं झकास उजळलं होतं की मीच येता-जाता तिच्यावरून हात फिरवत होतो. गुणाजीने तिच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

"शेट, लाकूड इला नाय," तो म्हणाला.

"आलं नाही काय? ही समोर उभी आहे."

"इला नाय," तो पुन्हा म्हणाला. "रे रोडच्या वखारीत सागवान नाय. घरातून कोणी विचारला तर तसाच सांग. दिवाळीपर्यंत तरी येवचा नाय."

मी शिवी हासडली, आणि हो म्हटलं. चौकट उचलून माळ्यावर टाकली आणि वर जुनं गोणपाट घातलं.

दोनच दिवसांनी राधावहिनी दुकानात हजर. एकट्या. अँटॉप हिलहून लालबागला बस बदलून आल्या होत्या, कोणाला न विचारता, हातात भाजीची पिशवी. मी घाईने तोंड पाडलं आणि पाठ केलेलं वाक्य सुरू केलं, "वहिनी, काय सांगू, रे रोडला लाकूड..."

"भावजी, थांबा," त्या म्हणाल्या. "आधी माझा आयका."

त्यांनी दुकानात इकडेतिकडे बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला.

"ह्यांका फ्रेमीची लय घाई झाली हा. रोज रातभर म्हणतत, 'शेट फ्रेम कधी देतलो, शेट फ्रेम कधी देतलो.' ती घाई नुसती तोंडाची, माका सगळा कळता. म्हशीची शिंगां कोण वाकडी करता, ताही कळता. पण एकदा बोललंय, फ्रेम लागली काय जातंय. बोललेला फिरवचा कसा? म्हणान तुमका सांगूक इलंय." त्या क्षणभर थांबल्या. "तुमी ह्यांका सांगा, लाकूड इला नाय."

मला हसू आवरेना. ते लपवायला मी खाली वाकून खिळे गोळा करायला लागलो, जमिनीवर एकही खिळा पडलेला नसताना.

"किती दिवस सांगू, वहिनी?" मी खालूनच विचारलं.

त्यांनी पिशवीतून दोन भोपळी मिरच्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. गुलमोहराखालच्या कुंडीत स्वतः लावलेल्या होत्या.

"आता पेरूचा झाड लावलंय," त्या म्हणाल्या. "त्येका फळ धरूक वेळ लागता."